गाठीतली साखर वाचायची कशी: कुळथापासून मेलानोमाच्या स्लाइडपर्यंत

कुळीथ घ्या. मूठभर पुरे. वाण्याकडचे चालतील, फक्त भाजलेले किंवा मोड आलेले नकोत.

आमच्या लॅबमध्ये डेझर्टेशनला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. मुलं मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरमधल्या ग्लायकोसिलेशनवर, म्हणजे पेशी प्रोटीनला साखरेच्या साखळ्या लावते त्यावर, काम करायला आलेली असतात. बॅगेत पेपरांच्या झेरॉक्स असतात, त्यावर हायलायटरच्या पिवळ्या रेघा असतात, आणि मी त्यांना मिक्सरवर कुळीथ दळायला बसवते. त्यांचे चेहरे पाहून कळतं की दिवस वाया गेला असं त्यांना वाटतंय. पण ज्यांनी तो दिवस मनापासून केला, त्यांच्या स्लाइडवर पुढे मला विश्वास ठेवता आला, हा माझा अनुभव आहे.

मी या कामात रक्तपेढीतून आले. अकरा वर्षं ग्रुपिंग आणि क्रॉसमॅचच्या टेबलावर काढली, मग पॅथॉलॉजीच्या संशोधन विभागात टेक्निशियन झाले. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये अँटी-ए१ लेक्टिनची छोटी बाटली असायची (ए१ आणि ए२ हे ए रक्तगटाचे उपप्रकार). ती रोज हाताळूनही ती कुळथाची आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही लेबलवरचं 'डोलिकोस बायफ्लोरस' हे नाव सहज शोधून पाहिलं म्हणून. आमच्या चिपळूणच्या घरी थंडीत आठवड्यातून दोनदा कुळथाचं पिठलं व्हायचं. त्याच दाण्यातलं एक प्रोटीन ए१ गटाच्या रक्तपेशी ओळखतं, हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली 'करंट सायन्स'मध्ये छापलं होतं. बाटली हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले होते.

तर कृती अशी. दळलेलं पीठ १० ग्रॅम, नॉर्मल सलाइन १०० मिली. ढवळून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरचं नितळ, पिवळसर पाणी काढून घ्या. चार टेस्ट ट्यूब घ्या: ए१, ए२, बी आणि ओ. रक्तपेढीतल्या तपासलेल्या पेशी तीनवेळा सलाइनने धुऊन त्यांचं ३ ते ५ टक्क्यांचं सस्पेन्शन करा आणि प्रत्येक ट्यूबमध्ये एक थेंब टाका. मग कुळथाचं पाणी दोन थेंब. थोडा वेळ ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवा, आणि तळाशी बसलेलं सेल बटन बोटांनी ट्यूब टिचकत सोडवा. ओ आणि बीमध्ये बटन धुरासारखं विरून जाईल. ए१मध्ये एकच घट्ट गोळा उठेल. ए२मध्येही गुठळ्या दिसल्या तर पाणी जास्त कडक आहे. ए१ चांगली गोळा होईल आणि ए२ अजिबात होणार नाही, इतपत सलाइन घालून पातळ करा.

आता खरा धडा. त्याच पाण्यात आधी एन-असिटिल-गॅलॅक्टोसअमीन ही साखर मिसळा, अर्धा तास ठेवा, आणि मग ए१ पेशी घाला. गोळा होत नाही. कुळथाच्या प्रोटीनचे हात आधीच साखरेने भरलेत, पेशी धरायला ते मोकळे राहिले नाहीत. ए गटाच्या पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला हीच साखर असते. बी गटात तिथे साधं गॅलॅक्टोज असतं. दोघींत फरक एका असिटिल-अमीनो गटाचा. तेवढा फरक कुळीथ ओळखतो, आणि तेवढ्याच फरकावर चुकीचं रक्त चढवलेला माणूस दगावू शकतो.

हे प्रयोगाचं मर्म आहे. साखर ओळखणारं प्रोटीन म्हणजे लेक्टिन. लेक्टिन चिकटलं एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. त्याची आवडती साखर घातल्यावर ते सुटलं, तेव्हा तुम्ही काहीतरी पाहिलं. पुढे स्लाइडवर, मेम्ब्रेनवर, कुठेही काम करा, हा नियम सोडायचा नाही.

आता गाठीकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करते, कारण बायोप्सीचा ब्लॉक घेऊन आलेले नातेवाईक कॉरिडॉरमध्ये हमखास विचारतात: "ताई, प्रोटीनला साखर लागते म्हणता, मग यांची साखर बंद करू का?" मधुमेहात रक्तातलं ग्लुकोज प्रोटीनला आपोआप, कुणाच्याही मदतीशिवाय चिकटतं, एचबीए१सीमध्ये आपण तेच मोजतो. त्याला ग्लायकेशन म्हणतात. आपण बोलतोय ते ग्लायकोसिलेशन. ते पेशी स्वतः करते, एन्झाइम वापरून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने. चहातली साखर सोडल्याने त्यातली एकही फांदी बदलत नाही. नातेवाइकांना हे नीट, बसवून सांगा. घाबरलेली माणसं आजाऱ्याचं जेवण तोडतात, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पेशीतला कारखाना थोडक्यात. प्रोटीनच्या साखळीत अ‍ॅस्पराजीन, मग प्रोलीन सोडून कोणतंही अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनीन, असा क्रम आला की तिथे एन-ग्लायकन, म्हणजे साखरेची एक फांदीदार साखळी, बसू शकतो. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कप्प्यात १४ साखरांचं तयार झाड एकदम उचलून तिथे लावलं जातं: ३ ग्लुकोज, ९ मॅनोज, २ एन-असिटिल-ग्लुकोसअमीन. मग छाटणी सुरू होते. प्रोटीनची घडी नीट बसली की ते गॉल्जी या पुढच्या कप्प्यात जातं, तिथे आणखी मॅनोज कापले जातात आणि नव्या फांद्या फुटतात. शेवटी टोकांवर गॅलॅक्टोज, सियालिक आम्ल, फ्यूकोज चढतात. सेरीन-थ्रिओनीनवर थेट बसणारे ओ-ग्लायकन वेगळे, त्यांचा रस्ता वेगळा. मेलानोमाच्या पेशींवर साखर लावलेले मेदही भरपूर असतात, जीडी२ आणि जीडी३ ही त्यांची नावं. पण ते प्रोटीन नव्हेत आणि झायलिनमधून काढलेल्या पॅराफिनच्या सेक्शनवर त्यांच्या नादी लागू नका, मेद तिथे धुऊन गेलेले असतात.

मेलानोमा म्हणजे रंग बनवणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या देशांत तो उन्हाने करपणाऱ्या अंगावर जास्त येतो. आपल्याकडे तो दुर्मीळ, आणि येतो तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली, त्यामुळे काटा रुतला, चप्पल चावली, असं म्हणत महिने जातात. ग्लायकोसिलेशन बदललं म्हणून मेलानोमा सुरू होतो असं लिहू नका. सुरुवात जनुकांतल्या बिघाडाने होते. बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल त्यातला सगळ्यात ओळखीचा. साखरेचं काम त्यानंतरचं: पेशी सुटणार कशी, कुठे रुजणार, हे ठरवण्यात तिचा हात असतो. दोन बदल नीट समजून घ्या.

पहिला म्हणजे फांदी. एमजीएटी५ नावाचं एन्झाइम एन-ग्लायकनवर बीटा-१,६ जोडाची एक जास्तीची फांदी लावतं. पेशीला वाढायला सांगणारा रास-राफ मार्ग पेटलेला असला की ईटीएस-१ या नियंत्रक प्रोटीनमार्फत या एन्झाइमचं उत्पादन वाढतं. ती फांदी पुढे लांबच लांब वाढू शकते, गॅलॅक्टोज आणि एन-असिटिल-ग्लुकोसअमीनच्या जोड्यांची माळ होते. तिला पॉली-लॅक्टोसअमीन म्हणतात. या माळेला गॅलेक्टिन-३ नावाचं, आपल्याच शरीरातलं लेक्टिन घट्ट धरतं. आणि इथे आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातलं काम आठवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथल्या गटाने २००५ आणि २००९ साली छापलेल्या कामात उंदराच्या बी१६-एफ१० पेशी वापरून दाखवलं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर गॅलेक्टिन-३ असतं आणि मेलानोमाच्या पेशी आपल्या एन-ग्लायकनवरच्या या माळांच्या आधाराने तिथे अडकतात. पेशी फुप्फुसातच का रुजते, या प्रश्नाला साखरेतून आलेलं ते उत्तर होतं. बी१६ ही गाठ मूळची १९५४ साली अमेरिकेच्या जॅक्सन लॅबोरेटरीत एका सी५७ब्लॅक/६ उंदराला आपोआप झालेली; १९७३ साली आयझेया फिडलर यांनी तिच्या पेशी उंदरांच्या फुप्फुसांतून दहा फेऱ्या फिरवून एफ१० तयार केली. प्रत्येक फेरीत फुप्फुसात रुजलेल्याच पेशी पुढे घेतल्या. आणि या पेशींना स्वेनसोनीन देऊन ठेवलं, म्हणजे गॉल्जीतलं मॅनोसिडेज-२ बंद पाडून फांदी फुटण्याआधीच काम थांबवलं, तर फुप्फुसातल्या गाठी कमी होतात, हे १९८६ सालीच दिसलं होतं.

दुसरा बदल बुंध्याशी. एफयूटी८ नावाचं एन्झाइम एन-ग्लायकनच्या अगदी पहिल्या साखरेवर, प्रोटीनला लागून, एक फ्यूकोज चिकटवतं. याला कोअर फ्यूकोज म्हणतात. २०१७ साली 'कॅन्सर सेल'मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने रुग्णांच्या मूळ गाठी आणि पसरलेल्या गाठी लेक्टिनच्या चिपवर ताडून पाहिल्या. पसरलेल्यांत कोअर फ्यूकोज वाढलेला होता. एफयूटी८ दाबलं की उंदरांत गाठ पसरणं घटलं. ज्या प्रोटीनवर तो फ्यूकोज बसतो त्यातलं एक एल१सीएएम, पेशीच्या पृष्ठभागावरचं. फ्यूकोज असला की प्लाझ्मिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम त्याला सहज कापू शकत नाही. त्याच कामात आणखी एक गोष्ट होती जी वाचून माझ्यातली रक्तपेढीवाली जागी झाली. एफयूटी१ आणि एफयूटी२ या एन्झाइमांचं काम, म्हणजे टोकावरचं अल्फा-१,२ फ्यूकोज, पसरलेल्या गाठींत कमी झालं होतं. एफयूटी१ म्हणजे रक्तपेशींवर एच साखर बनवणारं एन्झाइम. ते ज्यांच्यात चालत नाही त्यांचा बॉम्बे रक्तगट. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये जो मुंबईतून जगाला सांगितला, तोच. तो ओळखायला आम्ही अँटी-एच लेक्टिन वापरायचो, युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांतलं. रक्तपेढीतली बाटली आणि मेलानोमाचा पेपर एकाच साखरेबद्दल बोलत होते.

आता लेक्टिन कुठलं घ्यायचं. आपल्या डाळी-कडधान्यांच्या डब्यांतच निम्मी यादी आहे. बीटा-१,६ फांदीसाठी एल-पीएचए, ते राजम्यातलं. राजमा अर्धा कच्चा राहिला की पोट उलटतं ते याच घराण्यामुळे. कोअर फ्यूकोजसाठी मसुराचं एलसीए किंवा वाटाण्याचं पीएसए. ओ-ग्लायकनवरच्या टी अँटिजेन या दोन साखरांच्या जोडीसाठी शेंगदाण्याचं पीएनए किंवा फणसाच्या आठळ्यांतलं जॅकलिन. वर सियालिक आम्ल चढलेलं असलं तर शेंगदाण्याचं धरत नाही, फणसाचं धरतं, आणि तो फरकच कधीकधी उत्तर असतो. अल्फा-२,६ सियालिक आम्लाला एसएनए, एल्डरबेरीच्या सालीतलं. फ्यूकोज सरसकट हवा तर एएएल, नारिंगी अळंबीतलं. घरचं कुळीथ शिकण्यापुरतं ठीक. स्लाइडवर मात्र शुद्ध केलेलं, बायोटिन लावलेलं, विकतचं लेक्टिनच वापरा आणि लॉट नंबर वहीत लिहा.

एक खाचखळगा आत्ताच सांगते. मसुराच्या लेक्टिनला फांद्या फार वाढलेल्या आवडत नाहीत. दोन फांद्यांच्या ग्लायकनवर कोअर फ्यूकोज असला की ते घट्ट बसतं. चार फांद्या झाल्या की फ्यूकोज असूनही सोडून देतं. मेलानोमात दोन्ही बदल एकदम होऊ शकतात. म्हणजे एलसीएची स्लाइड फिकी आली तर 'फ्यूकोज कमी' असं लिहून मोकळं होऊ नका. शेजारच्या सेक्शनवर एएएल लावा आणि तिसऱ्यावर एफयूटी८ ची अँटीबॉडी. तिघांचं एकमत झालं तरच लिहा.

सेक्शन कापण्यापासून सुरू करू. एथिक्स कमिटीची परवानगी आणि ब्लॉकवरचा सांकेतिक नंबर आधी, मायक्रोटोम नंतर. तळपायाच्या कातडीचा वरचा केराटिनचा थर इतका जाड असतो की ब्लेडखाली तो फाटतो, सुरकुततो, आणि वॉटर बाथवर बाकीच्या टिश्यूपासून सुटून तरंगतो. ब्लॉकचा तोंडाचा भाग बर्फाच्या पाण्यावर १५-२० मिनिटं पालथा ठेवा, पहिले दोनतीन काप टाकून द्या, मग ४ मायक्रॉनचे घ्या. चार्ज्ड स्लाइड वापरा. ६० अंशांवर तासभर ओव्हन. घाई केलीत तर पुढच्या धुण्यात नेमका तोच थर उलटून गाठीवर पडतो आणि त्याच्या घडीत अडकलेला रंग तुम्ही निकाल म्हणून मोजता.

झायलिन, उतरत्या अल्कोहोलच्या पायऱ्या, पाणी. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. उष्णतेचं रिट्रीव्हल, म्हणजे फिक्सिंगमध्ये झाकल्या गेलेल्या जागा तापवून उघडणं, बऱ्याच लेक्टिनना लागत नाही. एका स्लाइडवर करून, एकीवर न करता पाहा आणि जे ठरेल ते सगळ्या केसेसना सारखं ठेवा. रिट्रीव्हलला ईडीटीए वापरलंत तर खूप धुवा. कडधान्यांची लेक्टिन कॅल्शियम आणि मँगनीजवर उभी असतात, ईडीटीए ते काढून घेतं आणि लेक्टिन आंधळं होतं. म्हणूनच बफर ट्रिसचा घ्या, फॉस्फेटचा नको. फॉस्फेट कॅल्शियमसोबत साका होऊन बसतो. ट्रिस सलाइन, पीएच ७.५ च्या आसपास, त्यात १ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि थोडं मॅग्नेशियम, मँगनीज.

ब्लॉकिंगला, म्हणजे लेक्टिन भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळ्या जागा आधी झाकायला, सीरम नको, दूध तर मुळीच नको. इथे माझी स्वतःची चूक सांगते. या विभागात आल्यावर पहिला लेक्टिन ब्लॉट केला (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर घेऊन त्यावर लेक्टिन लावायचं) तेव्हा वेस्टर्न ब्लॉटची सवय हातात होती. ५ टक्के दूध पावडर घातली, तासभर हलवलं, लेक्टिन लावलं. फिल्म धुऊन बाहेर काढली तर मेम्ब्रेनचा आकार एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काळा, एकही पट्टी वेगळी नाही. दोन रुग्णांच्या गाठींतून काढलेलं प्रोटीन होतं त्या जेलवर, आणि त्यातलं पुन्हा घालायला काहीच उरलं नव्हतं. दुधातली प्रोटीनं स्वतःच साखरेने लगडलेली असतात, लेक्टिन आधी त्यांनाच धरतं. त्या दिवसापासून लेक्टिनच्या शेल्फवर दुधाचा डबा येऊ दिला नाही. साखर न लागलेला ब्लॉकर विकत मिळतो. नाहीतर ट्रिस बफरात ०.१ टक्के ट्वीन-२० एवढंही ब्लॉटला चालतं.

लेक्टिन ५ ते १० मायक्रोग्रॅम दर मिलीला, ओलसर डब्यात, खोलीच्या तापमानाला पाऊण तास. मग पेरॉक्सिडेज लावलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन, ते लेक्टिनवरच्या बायोटिनला धरतं आणि पेरॉक्सिडेज पुढे रंग उमटवतं. अ‍ॅव्हिडिन नको, ते अंड्यातलं आहे आणि त्याच्या अंगावर मॅनोज असतात. स्ट्रेप्टाव्हिडिन जिवाणूतलं, साखरेविना.

आणि रंग. इथे थांबा, कारण मेलानोमात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सगळ्या लॅबमध्ये डीएबी हे रंग उमटवणारं रसायन ठेवलेलं असतं, त्याचा रंग तपकिरी. मेलानिनचा रंगही तपकिरी. माझी तिसरी की चौथी केस होती, टाचेची गाठ. एल-पीएचएची स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि छाती भरून आली: पेशी न् पेशी जाड, दाणेदार तपकिरी. पेपरमध्ये वर्णन केलेले खरखरीत दाणे, अगदी तसेच. धावत आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी स्लाइड पाहिली, ऑब्जेक्टिव्ह बदललं, पुन्हा पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "काही न लावलेली स्लाइड आण." आणली. तेच दाणे, तोच रंग, त्याच जागी. मी साखर पाहतच नव्हते, मी रंगद्रव्य पाहत होते. गाठीच्या कडेला मेलानिन गिळून फुगलेले मॅक्रोफेज होते, ते तर सगळ्यात गडद. मॅडमनी मला रागावलं नाही. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि दोन्ही स्लाइड आळीपाळीने तासभर पाहायला लावल्या.

म्हणून तपकिरी वापरू नका. एईसी घ्या, त्याचा रंग विटकरी-लाल येतो आणि मेलानिनपासून वेगळा ओळखता येतो. मायक्रोस्कोपखाली बघत बघत ५ ते १० मिनिटं. बाजूची पार्श्वभूमी गुलाबी व्हायला लागली की लगेच पाण्यात. एईसी अल्कोहोलमध्ये विरघळतं, तेव्हा पुढे अल्कोहोल, झायलिन काही नाही. हिमॅटॉक्सिलिन अर्ध्या मिनिटाचं, आणि ग्लिसरीन जेलीत माउंट. गाठ अगदी कोळशासारखी काळी असेल तर मेलानिन फिकं करावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटची जुनी पद्धत लेक्टिनच्या कामाला मी वापरत नाही. ते जोरदार ऑक्सिडायझर आहे, साखरही शाबूत राहील याची खात्री नसते. सौम्य पेरॉक्साइडने, हळू, आणि त्याच तऱ्हेने फिकी केलेली एक ओळखीची पॉझिटिव्ह स्लाइड शेजारी ठेवून.

प्रत्येक केसला किमान चार सेक्शन असायला हवेत, आणि याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, कितीही मोठं नाव असो. एक, काहीच न लावलेलं. दुसरं, लेक्टिन वगळून बाकी सगळं. तिसरं, लेक्टिन. चौथं, साखरेत आधी अर्धा तास भिजवलेलं लेक्टिन. कुळथाच्या दिवशी केलं तेच. मसूर, वाटाण्याला मिथाइल-मॅनोसाइड, शेंगदाण्याला गॅलॅक्टोज, एएएलला एल-फ्यूकोज, एसएनएला लॅक्टोज. राजम्याचं एल-पीएचए एवढं हट्टी की साध्या सुट्या साखरेला नीट दाद देत नाही. त्याच्यासाठी चौथं सेक्शन पीएनगेस-एफमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. हे एन्झाइम एन-ग्लायकन बुंध्यापासून कापतं. रंग उतरला तर ती फांदी खरी. मॅक्रोफेजचा संशय असेल तिथे पाचव्या सेक्शनवर मॅक्रोफेज ओळखणारी सीडी६८ ची अँटीबॉडी.

मोजताना दोघांनी मोजा, एकमेकांचे आकडे न बघता, कोणती केस पसरलेली आणि कोणती नाही हे माहीत नसताना. रंग कुठे आहे ते लिहा: पेशीच्या कडेला, आत धुरकट, की दाणेदार. गाठीच्या टोकाला, जिथे ती खाली घुसतेय, आणि वरच्या भागात वेगवेगळं मोजा. रंग नसलेल्या नेहमीच्या एपिडर्मिसची आणि रक्तवाहिन्यांची नोंद करा, त्याच तुमच्या स्लाइडमधल्या मोजपट्ट्या.

स्लाइडवर एवढंच कळतं की ही साखर इथे आहे. कुठल्या प्रोटीनवर आहे ते लेक्टिन सांगत नाही. त्यासाठी लेक्टिन लावलेल्या अ‍ॅगारोजच्या मण्यांवर पेशींचा अर्क फिरवा, चिकटलेलं साखर घालून सोडवा आणि त्यात एल१सीएएम आहे का ते अँटीबॉडीने पाहा. सोबत थोडा अर्क पीएनगेस-एफने कापून शेजारच्या लेनमध्ये चालवा. पट्टी खाली सरकते, आणि जेवढी सरकली तेवढं साखरेचं ओझं तिच्यावर होतं. मला हा भाग करताना अजूनही हुरूप येतो, पट्टी खाली घसरलेली पाहणं म्हणजे अंगावरचं पांघरूण काढलेलं पाहणं.

पांघरुणावरून आठवलं. ज्यांचं काम साखरेवर नाही, नुसत्या अँटीबॉडीवर आहे, त्यांनीही हे वाचावं. पीडी-एल१ हे प्रोटीन इम्युनोथेरपी द्यायची का हे ठरवताना तपासतात. त्याच्यावर चार ठिकाणी एन-ग्लायकन असतात आणि ते अँटीबॉडीची वाट अडवू शकतात. २०१९ साली छापलेल्या एका कामात सेक्शनवरची साखर पीएनगेस-एफने काढल्यावर पीडी-एल१ जास्त नीट दिसलं आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादाशीही जास्त जुळलं. म्हणजे 'निगेटिव्ह' लिहिलेल्या काही स्लाइडवर प्रोटीन होतं, साखरेखाली झाकलेलं. एका माणसाला औषध मिळणं न मिळणं तिथे अडू शकतं.

मात्र आपण इथे जे करतो ते संशोधन आहे. लेक्टिनचा रंग पाहून कुणालाही तोंडी रिपोर्ट द्यायचा नाही, नातेवाइकांनी कितीही हात जोडले तरी. ते कठीण जातं. त्यांना पॅथॉलॉजिस्टकडे घेऊन जा, दारात सोडून येऊ नका, आत बसेपर्यंत थांबा.

शेवटचं काम त्याच दिवशीचं. एईसीचा रंग महिन्यांत फिका पडतो, जेली कडेने सुकते. चारही सेक्शनचे फोटो एकाच प्रकाशात, एकाच एक्स्पोजरवर, एकाच जागेचे काढा. आधी काही न लावलेल्याचा. फाइलच्या नावात केसचा सांकेतिक नंबर, लेक्टिन, लॉट, तारीख. स्लाइड बॉक्समध्ये चारही शेजारीशेजारी, कधीच वेगळ्या खणात नाही. आणि कुळथाचं उरलेलं पीठ कोरड्या बरणीत भरून ठेवा, पुढच्या जूनमध्ये नवी बॅच येईल.